जोडतासिका

सकाळच्या पहिल्या तासाला झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही, असा नियम शैलजा दातीरने स्वतःपुरता केला होता. मुख्याध्यापकांना तो ठाऊक नव्हता. निमाणे मळ्यातल्या महापालिकेच्या शाळेत सहावी ते आठवीचे वर्ग होते आणि शाळा भरायची भल्या सकाळी. नाशिकच्या या टोकाला सगळी वस्ती कारखान्यांत जाणाऱ्यांची. आईबापांच्या पाळ्या सांभाळत मुलं शाळेत यायची ती अर्धी झोपेतच. सातवीला भूगोल शिकवताना शैलजा फळ्याकडून वळली की बाकांवर चार-पाच डोकी टेकलेली दिसायची. एकदा एक मुलगा प्रार्थनेच्या रांगेतच कोसळला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, याला झोपू द्या.

म्हणून 'प्रहर' हे प्रत्येक मुलाच्या झोपेप्रमाणे वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर शाळेत आणायचं का, असं शिक्षकांच्या बैठकीत विचारलं गेलं तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो शैलजाने.

आपल्या डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस आणि रात्र ओळखतो आणि त्याप्रमाणे शरीराची उष्णता, भूक, झोप, सगळं वरखाली करत राहतो. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि माणसाचे डोळे जड होतात. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे संप्रेरक तास-दोन तास उशिरा उतरायला लागतं. तेरा वर्षांचं पोर रात्री जागतं ते हट्टाने नाही. त्याच्या शरीरात अजून रात्र झालेलीच नसते.

हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. पण हा उशीर प्रत्येक मुलाचा वेगळा, आणि तो मोजायचा तर मुलाला मंद उजेडाच्या खोलीत बसवून पुन्हा पुन्हा लाळ तपासावी लागे. नवा शोध लागला तो इथे. लाळेच्या एकाच थेंबात कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती निजलेली, हे पाहून शरीराच्या घड्याळात किती वाजलेत ते सांगता येऊ लागलं. त्याच्या जोडीला मनगटावरचा एक पट्टा नाडी, त्वचेची उष्णता आणि हालचाल टिपत राहायचा. महिनाभरात त्या मुलाच्या दिवसाचा आलेख तयार. याचं डोकं गणिताला कधी चालतं, पाठांतराला कधी, मैदानावर कधी, सगळं त्यात दिसे.

खरा घोळ पुढेच होता. चारशेच्या वर मुलं, प्रत्येकाचा आलेख निराळा, खोल्या आणि शिक्षक मात्र मोजके. पूर्वी मे महिन्यात शैलजाच घरी जमिनीवर मोठा कागद पसरून पेन्सिलीने शाळेचं वेळापत्रक लावायची, आणि तेवढ्यानेच तिचे गुडघे धरायचे. 'प्रहर' चारशे वेळापत्रकं एकाच वेळी लावायचं आणि मुलांचे आलेख सरकले की दर महिन्याला नव्याने लावायचं. शाळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडी राहू लागली. शिक्षकांच्या पाळ्या झाल्या. जो तो आपल्या वेळेला यायचा, पट्टा मनगटावर थरथरला की सांगितलेल्या खोलीत जायचा. घंटा काढून अडगळीत ठेवली, कारण सगळ्यांसाठी एकदम वाजवावी अशी वेळच उरली नव्हती.

फायदा झाला, हे खोटं नव्हे. मुलं जागी दिसू लागली. गणितात वर्षानुवर्षं नापास होणारी पोरं उत्तरं देऊ लागली. रोजची प्रार्थना गेली, लेझीमचं पथक मोडलं, डबा उघडायचा तोही एकेकट्याने. पण बाकावर टेकलेलं डोकं शैलजाला पुन्हा दिसलं नाही, आणि त्या समाधानात बाकीचं तिला फार जाणवलं नाही. कार्तिकी बस्ते तिच्यासमोर येऊन उभी राहीपर्यंत.

कार्तिकी सातवीत होती. चार वर्षांची असताना मेंदूज्वराने तिचे कान गेले. यंत्र लावलं की शांत खोलीत थोडंफार ऐकू यायचं, वर्गाच्या गलक्यात सगळं एकमेकांत मिसळून जायचं. ती बोलायची, पण तिचे शब्द गोल आणि बोथट यायचे. नवख्याला कळायचे नाहीत. शिक्षकांचं बोलणं लगेच अक्षरांत उमटवणारी पट्टी प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर लावलेली होती. कागदोपत्री तिची सगळी सोय झालेली होती.

कागदावर नसलेली सोय म्हणजे मैथिली खैरनार. दोघी तिसरीपासून एका बाकावर. पट्टीवर शिक्षकांचे शब्द यायचे, पण मागच्या बाकावरून कोण काय बोललं, सगळे का हसले, मॅडम आज रागात आहेत की नुसता आव आणतायत, हे पट्टीवर येत नसे. ते मैथिली सांगायची. मान थोडी वळवून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. आणि कार्तिकी काही बोलली की मैथिली तेच वर्गाला पुन्हा सांगायची, इतक्या सहज की कुणाला ते दोन आवाज वेगळे वाटतच नसत.

कार्तिकीचं शरीर पहाटेचं निघालं, मैथिलीचं दुपारचं. पहिल्या महिन्यात दोघींचे काही तास जुळत होते. मग एकच उरला. या महिन्यात तोही गेला.

"मॅडम, मैथिली कधी?" कार्तिकीने विचारलं. शैलजाला दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं.

"तिचे तास दुपारी आहेत बाळा. तुझे सकाळी."

"मी दुपारी येते."

"दुपारी तुला झोप येईल."

"येऊ दे," कार्तिकी म्हणाली.

शैलजा मुख्याध्यापक ठोके सरांकडे गेली. ठोके सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच पडद्यावर दोघींचे आलेख काढले.

"जोडतासिका म्हणून सोय आहे यात," ते म्हणाले. "मागे त्या जुळ्या भावांना दिली होती. दोघींना मधल्या वेळेला आणता येईल. पण बघा, दोघींचं नुकसान आहे. कार्तिकी शेवटच्या तासांना पेंगणार, आणि मैथिलीचं गणित नेमकं तिच्या झोपेच्या वेळात जाणार."

"चालेल की सर. पूर्वी सगळ्यांचंच जायचं."

"पूर्वी आपल्याला माहीत नव्हतं, मॅडम. आता माहीत असून करायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. "दोघींच्या घरून हो पाहिजे. आणि मुलींचीही मर्जी विचारायची, एकेकीला वेगळं बसवून. तसा नियमच आहे."

कार्तिकीचे वडील विलास बस्ते टेम्पो चालवायचे. त्यांनी उभ्या उभ्याच हो म्हटलं. मैथिलीच्या घरी शैलजा जरा धाकधुकीनेच गेली. मैथिलीची आई सुरेखा औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, नुकतीच पाळी संपवून आली होती आणि भाकरी थापत होती.

"अहो मॅडम, त्यात काय विचारायचं?" ती म्हणाली. "कार्तिकी आमच्याच घरातली आहे. दिवाळीचे कपडे दोघींना एकाच ताग्यातले घेते मी. बसू द्या की एकत्र."

"मैथिलीचे गणिताचे मार्क थोडे कमी होतील कदाचित."

"होऊ द्या. मार्कं काय, पुन्हा मिळतील."

शैलजा हलक्या मनाने परतली. मैथिलीला विचारायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते नावापुरतंच, असं तिला वाटत होतं.

समुपदेशनाची खोली तळमजल्यावर होती. एका बाजूला काच, काचेपलीकडे पाण्याचे नळ. शैलजाने दार लावलं, मैथिलीला समोर बसवलं आणि हसत म्हणाली, "चला, तुमची जोडी परत लावतोय आम्ही. तुझं हो आहे ना?"

मैथिली मनगटावरचा पट्टा फिरवत राहिली.

"अगं, बोल की."

"मॅडम, नाही म्हटलं तर चालेल का?"

शैलजाला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"भांडण झालंय का तुमचं?"

"नाही." मैथिलीने पट्टा फिरवणं थांबवलं. "मला आता गणित कळायला लागलंय. आधी मला वाटायचं मी ढ आहे. सर शिकवायचे तेव्हा मी तिला सांगत असायचे, कोण काय बोललं ते, म्हणून माझं अर्धं राहायचं. आणि मॅडम, वर्गात कुणी काही गमतीचं बोललं ना, की मला आधी तिला सांगायला लागायचं. मग ती हसायची. तोपर्यंत सगळ्यांचं हसून झालेलं असायचं. मला कधी सगळ्यांबरोबर हसायलाच मिळालं नाही."

शैलजाने खुर्ची जवळ ओढली.

"आता माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्याशी मी नुसतं बोलते. काहीच सांगायला लागत नाही," मैथिली म्हणाली, आणि रडायला लागली. "मला कार्तिकी आवडते, मॅडम. घरी मी रोज जाईन तिच्याकडे. पण शाळेत नको. तिला नका ना सांगू मी नाही म्हणाले ते."

शैलजाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षं या मुलीकडून आपण सगळ्यांनी एका मोठ्या माणसाचं काम करून घेतलं, आणि त्याला मैत्री म्हणत राहिलो, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. बाहेरच्या नळांवर मुलं पाणी पीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्तिकी तास सुरू व्हायच्या आधीच शिक्षकखोलीच्या दारात हजर होती.

"झालं?" तिने विचारलं.

"नाही गं," शैलजा म्हणाली. ओठ नीट दिसावेत म्हणून सवयीने ती सावकाश बोलत होती. "प्रहरला जमलं नाही. दोघींचे तास बसतच नाहीत."

"मशीनला जमलं नाही?"

"हो."

"मैथिली काय म्हणाली?"

"तिला विचारायची वेळच आली नाही."

कार्तिकी शैलजाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग मान हलवून वर्गात गेली.

मैथिली पहिले काही आठवडे संध्याकाळी कार्तिकीच्या घरी जात राहिली. पण ती पोचायची तेव्हा कार्तिकीचे डोळे मिटायला आलेले असत. दोघी अंथरुणावर शेजारी बसायच्या, मैथिली दिवसभराचं काहीबाही सांगायची आणि कार्तिकी मध्येच झोपून जायची. पुढे मैथिलीचं जाणं रविवारपुरतं झालं, आणि मग दर रविवारीही नाही.

कार्तिकीने कानाचं यंत्र शाळेत लावणं बंद केलं. ते दप्तरात असायचं. ती पट्टीवरची अक्षरं वाचायची, वहीत उतरवायची, घरी जायची. वर्गात ती बोलायची नाही, त्यामुळे तिला कुणी हसायचंही नाही. तिच्या आलेखाचा रंग हिरवागार झाला. पट्ट्याला कळायचं ते एवढंच की या मुलीचं लक्ष कुठेही भरकटत नाही, नाडी शांत आहे, झोप पुरेशी आहे. तिच्याशी दिवसभरात कुणी एक शब्द बोललं नाही, हे मोजायचं त्यात काही नव्हतं. शहरातून शिक्षणखात्याची माणसं पाहणीला आली तेव्हा पडद्यावर कार्तिकीचाच आलेख दाखवला गेला. साहेबांनी तिच्या पाठीवर थाप दिली. काही विचारलंही. कार्तिकी हसली, तिला ते कळलं नव्हतं, हे फक्त शैलजाला कळलं.

त्या दिवशी शैलजाने तिला थांबवून घेतलं, दोघींनी एका डब्यात खाल्लं. शैलजा बोलत होती, कार्तिकी मान डोलावत होती. शिक्षिकेने दया म्हणून शेजारी बसणं आणि मैत्रिणीने बसणं यातला फरक त्या मुलीला समजत होता, आणि तो तिने चेहऱ्यावर दिसू दिला नाही. शैलजाला तेच सोसवेना.

परीक्षा झाल्यावर विलास बस्ते दाखला मागायला आले. दोन जिल्हे ओलांडून कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा होती, तिथे कार्तिकीला घालायचं होतं.

"का हो, भाऊ? इथे छान चाललंय तिचं," ठोके सर म्हणाले. "पहिल्या पाचांत आहे."

"मला कुठे पाठवायचंय साहेब? एकच पोर आहे," विलास म्हणाले. त्यांनी टोपी हातात घेतली होती, ती ते चुरगळत होते. "तिनेच शोधून काढली ती शाळा. मला म्हणते, पप्पा, तिथे सगळेच माझ्यासारखे आहेत. मी म्हटलं, अगं पण घर? तर म्हणे, घरी मी झोपायलाच असते."

दाखला तयार होईपर्यंत कार्तिकी व्हरांड्यात उभी होती. शैलजा तिच्याजवळ गेली. तिला खरं सांगून टाकायचं होतं. ते मनात धरूनच ती वर्षभर वावरली होती.

"कार्तिकी, त्या जोडतासिकेचं मी तुला सांगितलं ते..."

"मला माहितेय," कार्तिकी म्हणाली. खूप दिवसांनी तिचा आवाज ऐकल्यामुळे शैलजाला शब्द लावायला वेळ लागला. "त्या दिवशी मी घरी गेलेच नव्हते, नळावर थांबले होते. काचेतून दिसत होतं. मैथिलीचे ओठ मला सगळ्यात चांगले वाचता येतात."

शैलजाने तिचा हात धरला.

"मग तू बोलली का नाहीस? मला, तिला?"

"तिला वाईट वाटलं असतं."

"आणि तुला?"

कार्तिकीने बाहेर उभ्या टेम्पोकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "ती रडत होती ना, मॅडम. मला तर माहीतच नव्हतं. मी रोज विचारायचे, का हसले, का हसले. मला वाटायचं तिला आवडतं सांगायला."

विलास दाखला घेऊन बाहेर आले. कार्तिकीने वाकून शैलजाला नमस्कार केला आणि ती वडिलांच्या मागे टेम्पोकडे गेली. मैथिलीचा तास अजून सुरू व्हायचा होता. ती शाळेत नव्हती.

नव्या वर्षी शैलजाने ठोके सरांकडे एकच मागणं लावून धरलं: आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळी मुलं एकत्र. 'प्रहर'ने त्याचं नुकसान मोजून दाखवलं. तरी सरांनी स्वतःच्या जबाबदारीवर शनिवारचा अर्धा तास दिला. पहिल्या शनिवारी चारशे मुलं मैदानात आली आणि भिंतींच्या कडेकडेने उभी राहिली. एकाच इयत्तेतल्या मुलांना एकमेकांची नावं माहीत नव्हती. कुणी खेळ सुरू करीना. एका मुलाने शैलजाला विचारलं, "मॅडम, आम्ही इथे काय करायचं?"

दिवाळीनंतर ती कार्तिकीला भेटायला गेली. निवासी शाळा एका टेकडीच्या उतारावर होती. अंगणात मुलामुलींचे हात सारखे हलत होते आणि तरीही सगळीकडे शांतता होती. कार्तिकी उंच झाली होती, भरली होती. शैलजाला पाहून ती पळत आली, गळ्यात पडली, मग मागे सरून हातांनी भराभर काहीतरी सांगू लागली.

"बोल ना," शैलजा म्हणाली. "मला हे येत नाही गं."

कार्तिकीने नकारार्थी मान हलवली. शेजारच्या शिक्षिकेने सांगितलं, "आता ती आवाज वापरत नाही. आम्ही सांगितलं नाही, तिनेच सोडलं. म्हणते, हातांनी बोललेलं सगळ्यांना एकदम कळतं."

"पण बरी आहे ना ती?"

"खूप बरी आहे. वसतिगृहाची पुढारी आहे."

निघताना कार्तिकीने पुन्हा काही खुणा केल्या. "मैथिलीला सांगा, मी मजेत आहे," असं त्या शिक्षिकेने सांगितलं.

सोमवारी दुपारी मैथिली शाळेत येताच शैलजाने तिला पायऱ्यांवर गाठून शेजारी बसवलं. मैथिली आठवीत गेली होती, गणितात शाळेत पहिली आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. टेकडी कशी आहे, जेवायला काय असतं, झोपायला पलंग आहे का, असं विचारलं.

"माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"मजेत आहे म्हणून सांग म्हणाली."

"म्हणाली? स्वतः?"

"हातांनी. आता ती बोलत नाही, मैथिली. आवाज सोडला तिने."

मैथिलीचा पट्टा थरथरला. तास सुरू झाला होता. ती उठली नाही.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

मैथिली म्हणाली, "मॅडम, ती मला हाक कशी मारायची माहितेय? तिला थ म्हणता यायचा नाही. शेवटचं ली पण लांब जायचं." तिने घसा साफ केला, मान थोडी तिरकी केली, आणि जिभेचं टोक न लावता, गोल, बोथट आवाजात रिकाम्या व्हरांड्यात स्वतःचंच नाव पुकारलं.

"मैहिलीऽऽ."

हुबेहूब कार्तिकीचाच आवाज होता. मैथिलीने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, आणि मग तिसऱ्यांदा मारायला गेली तेव्हा तिला ती काढता येईना.